वकिलाला घर शोधताना

अण्णाकाका गेले तेव्हा तीन गोष्टींचं काय करायचं ते कुणालाच सुचेना: जुनी लुना, तांब्याचा बंब आणि वकील. लुना भंगारात गेली, बंब आत्याने नेला. राहिला वकील. काका वाईच्या कोर्टात बेलीफ होते आणि हा पिल्लू असल्यापासून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर हरकत घ्यायचा, म्हणून हे नाव. गावठी, तांबडा, डावा कान मोडलेला, वय सातच्या आसपास. त्याला घर मिळायला मला अडीच महिने लागले. त्यातला महिना तरी माझ्या चुकांत गेला. तुमच्यावर अशी वेळ आली तर तेवढा वेळ वाचावा, म्हणून लिहितेय.

पहिलं म्हणजे, दिवसकार्य होईपर्यंत कुत्रा कुणालाही देऊ नका. आमच्याकडे दहाव्याला घाटावर कावळा शिवेना. सगळ्यांनी सगळं बोलून पाहिलं. शेवटी चुलतभाऊ हात जोडून म्हणाला, "अण्णा, वकिलाला मी नेतो," आणि कावळा आला. आता यापुढे कोण काय बोलणार! तेराव्याला वकील गाडीत बसून पुण्याला गेला, अकराव्या मजल्यावर. तो लिफ्टमध्ये पाय ठेवेना आणि पहाटे पाचला दाराशी बसून रडायचा. पाचव्या दिवशी भावाने परत आणून सोडला. सोसायट्यांना कुत्रा पाळायला सरसकट बंदी करता येत नाही, हे प्राणी कल्याण मंडळाने सांगितलेलं आहे, पण खालच्या मजल्यावरच्या आजींना पहाटे पाचला ते कोण समजावणार? भावाचा मी राग केला नाही. पिंडासमोर माणूस काहीही कबूल करतो. मात्र त्या पाच दिवसांत कुत्र्याचं घर दुसऱ्यांदा मोडलं.

तोवर कुत्रा आहे तिथेच राहू द्या आणि त्याला खायला एकाच माणसाने द्या. घरात पाहुणे असतात आणि जो तो कळवळ्याने काहीतरी पुढे करतो. कांदाभजी नको आणि शिऱ्यातले बेदाणे तर अजिबात नकोत. बेदाण्याने, द्राक्षांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, हे आमच्याकडे एकालाही ठाऊक नव्हतं. गेलेल्या माणसाचं अंथरूण लगेच धुवायला टाकू नका. मी काकांची एक बंडी तशीच पिशवीत बांधून ठेवली, ती पुढे उपयोगी पडली.

रायगडावरच्या वाघ्याने चितेत उडी घेतली ही गोष्ट खरी की खोटी यावर लोक अजून भांडतात. आमच्या वकिलाने काही उडी-बिडी घेतली नाही. तो काकांच्या चपलांवर हनुवटी टेकून पडून राहिला, भाकरीला तोंड लावेना. सगळे म्हणाले, दुःख करतोय. मीही तेच म्हटलं, आणि ही माझी सगळ्यात मोठी चूक. गुरांच्या डॉक्टरांनी त्याच्या हिरड्या पाहिल्या, पांढुरक्या होत्या. रक्त तपासलं तर गोचीडताप निघाला. महिनाभराच्या गोळ्या लागल्या. दुःख होतंच, नाही असं नाही, पण ते आणि गोचीडताप वरून अगदी सारखे दिसतात. त्यामुळे कुत्रा दोन दिवस जेवला नाही तर दवाखाना गाठा, आणि पाणीही पीत नसेल तर दोन दिवसही थांबू नका.

त्याच फेरीत बाकीचं उरकून घ्या. लसींचं कार्ड शोधा (आमचं वीजबिलांच्या फायलीत सापडलं). रेबीजची लस कधी दिली ते बघा, तारीख उलटली असेल तर देऊन टाका. नसबंदी झाली नसेल तर कुत्रा दुसऱ्याकडे देण्याआधी करा. जातिवंत मादी असेल तर हे फारच महत्त्वाचं, कारण फुकटात मिळालेली मादी पिल्लांच्या धंद्याला लावणारे लोक असतात. आणि वारसांना विचारा. कुत्रा कायद्याने मालमत्ताच असतो, सहा महिन्यांनी कुणी "माझ्या बापाचा कुत्रा कुठाय" म्हणून उभं राहायला नको.

आता मुख्य काम. आपण शोधतो "चांगलं घर". मीही तेच शोधत होते: अंगण, मुलं, प्रेमळ माणसं. कुत्र्याला मात्र त्याचा दिवस परत हवा असतो. म्हणून गेलेल्या माणसाचा दिवस आधी लिहून काढा. घरच्यांना तो माहीत नसतो, आम्ही सगळे गणपतीत नि दिवाळीत जाणारे. मी दूधवाल्याला विचारलं, पेपरवाल्या पोराला विचारलं, घाटावरच्या फुलवालीला विचारलं. कळलं ते असं: पहाटे पाचला काका आणि वकील घाटावर. येताना चहाच्या टपरीवर दोन खारी, एक-एक. दुपारी काका पेपर वाचताना तो खुर्चीखाली. संध्याकाळी दूध-भाकरी, आणि काका शेजारी पाटावर बसल्याशिवाय हा खात नाही. हे शेवटचं मला दूधवाल्याने सांगितलं. त्या दिवशी मी पाट मांडून बसले आणि वकील जेवला. तीन आठवडे मी ताटली ठेवून आत निघून जात होते.

माझी पहिली जाहिरात अशी होती: "मालकाचं छत्र हरपलेल्या मुक्या जिवाला मायेची सावली द्या." सोबत चपलांवर झोपलेल्याचा फोटो. फोन खूप आले. निम्मे नुसते हळहळायला. एकाला फार्महाउसवर साखळीला बांधायला हवा होता. एकाने पहिलाच प्रश्न केला, "जात कुठली?" मी म्हटलं, वकील. मग मी ती जाहिरात काढून दुसरी लिहिली:

"गावठी नर, सुमारे सात वर्षांचा, वजन १९ किलो, नसबंदी व लसी झालेल्या, गोचीडतापाचे उपचार पूर्ण. पहाटे पाचला फिरायला लागतंच. लिफ्टमध्ये जात नाही. फटाक्यांना घाबरून मोरीत लपतो. मांजर दिसलं की ऐकत नाही. लहान मुलांची सवय नाही. माणूस शेजारी बसल्याशिवाय जेवत नाही. दिवसभर घरी असणाऱ्या, लवकर उठणाऱ्या माणसाला देणे आहे."

फोन आले चारच, पण चारही कामाचे. दोष लपवून दिलेला कुत्रा परत येतो.

फोनवर "कुत्रे आवडतात का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. किती वाजता उठता ते विचारा. आधीचा कुत्रा होता का, तो कसा गेला, शेवटी कुठल्या डॉक्टरांकडे होता ते विचारा. गावाला लग्न निघालं तर याला कोण बघेल? घर भाड्याचं असेल तर मालकाला विचारलंय का? नंतर घर बघायला स्वतः जा. फाटकाखालची फट बघा, गच्चीचा कठडा बघा.

भुईंजचे एक निवृत्त एसटी कंडक्टर मला पटले, कारण त्यांनी उलट मलाच प्रश्न विचारले. पहिली भेट आमच्याच अंगणात झाली. मी त्यांना सांगून ठेवलं होतं, याच्याकडे बघू नका, नुसते बसा. ते पाऊण तास पेपर वाचत बसले. दुसऱ्या खेपेला दोघं घाटावर जाऊन आले. तिसऱ्यांदा आम्ही भुईंजला गेलो आणि काकांची बंडी त्याच्या गोणपाटावर टाकली. जेवण तेच ठेवायला सांगितलं. बदलायचंच तर आठ-दहा दिवसांत, थोडं थोडं करून. दिवाळी तोंडावर असेल तर देणं पुढे ढकला.

साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या करा: कुत्र्याचं वर्णन, लसी, पंधरा दिवसांची मुदत, आणि नाही जमलं तर आमच्याकडेच परत, रस्त्यावर सोडायचा नाही. उपाशी-तहानेला मरेल अशा जागी प्राणी सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे, तेही त्यात लिहा. कंडक्टर म्हणाले, "तिकीट फाडल्यासारखं वाटतंय, पण द्या."

पहिले तीन आठवडे तो मोकळा सोडायचा नाही, गळ्यातल्या पट्ट्यावर दोन्ही फोन नंबर हवेत. नव्या घरातून कुत्रे जुन्या घराकडे निघतात, आणि भुईंज तर हमरस्त्यावरच. हे मी त्यांना सांगितलं आणि बाराव्या दिवशी स्वतःच भेटायला गेले. निघताना तो माझ्या स्कूटीमागे फाटकातून सुटला, रस्त्यापर्यंत आला. कंडक्टरांनी धरला म्हणून वाचला. ते मला काही बोलले नाहीत, त्यांची बायको बोलली, आणि बरोबर बोलली. दोन महिने तरी जाऊ नका. फोटो मागवा.

आता लसीची तारीख जवळ आली की मी फोन करते. मागच्या वेळी त्यांनी कार्डाचा फोटो पाठवला. मालकाच्या रकान्यात काकांचं नाव तसंच आहे, खोडलेलं नाही. त्याखाली बारीक अक्षरात त्यांनी आपलं लिहिलंय.