‘स्वयम’वरचा कोर्स लावायच्या आधी एवढं करून ठेवा

‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर एनपीटेलचा (म्हणजे आयआयटीसारख्या संस्थांचा) कोर्स करायचाय म्हणून लगेच नवीन लॅपटॉप घ्यायला धावू नका, घरात जुना पडलेला असेल आणि त्यात ८ जीबी रॅम असेल तर भरपूर झालं, ४ जीबीवर पण व्हिडिओ आणि असाइनमेंट निभावतं फक्त क्रोममध्ये ढीगभर टॅब उघडून ठेवू नका. पैसे घालायचेच असतील तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी (जास्त वेगवान डिस्क) टाकून घ्या, मशीन केवढं सुधारतं ते वापरल्यावरच कळेल. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा ११ चालत असेल तर तेच टाका.

मोबाइलवर लेक्चर बघता येतात, नाही असं नाही, पण प्रोग्रामिंगचा कोर्स असेल तर मोबाइलचा नाद सोडा. आणि शेवटची परीक्षा सेंटरवर जाऊन कॉम्प्युटरवरच द्यायची असते, त्यामुळे ज्यांनी आयुष्यभर फक्त टचस्क्रीन वापरलाय त्यांनी माउस आणि कीबोर्डवर हात बसवून घ्या, मित्राचा घ्या, कॉलेजच्या लॅबमध्ये बसा, पण बसवा.

नेटचं म्हणाल तर व्हिडिओची क्वालिटी ३६० पी वर ठेवली तर तासाला साधारण ३०० एमबी जातात, ७२० वर सहज १ जीबीच्या पुढे, आणि फळ्यावरचं नीट दिसत असेल तर ३६० ला काहीच हरकत नाही. रेंज नसेल तिथे रात्री किंवा पहाटे व्हिडिओ डाउनलोड करून ठेवा, काही कोर्सचं लेक्चरमधलं बोलणं मराठीत लिहिलेलंही मिळतं, ते जरूर शोधा. लाइट जात असेल तर राउटरला छोटा यूपीएस लावा. हेडफोन साधा वायरवाला चालतो.

आता खरं महत्त्वाचं. माझ्या मते मुलं अडकतात ती मशीनमुळे कमी आणि या बारीकसारीक गोष्टींनी जास्त, आणि या कोणी शिकवतच नाही. ईमेल स्वतःचा पाहिजे, नेट कॅफेवाल्याने किंवा दादाने काढून दिलेला नको, पासवर्ड तुम्हाला माहीत पाहिजे आणि रिकव्हरीला टाकलेला मोबाइल नंबर आज चालू पाहिजे, कारण सगळ्या सूचना मेलवरच येतात म्हणून रोज मेल उघडायची सवय लावा, स्पॅम फोल्डरसकट. प्रोफाइलमध्ये आणि परीक्षेच्या फॉर्ममध्ये नाव ओळखपत्रावर आहे तसंच टाका, सर्टिफिकेटवर तेच छापून येतं. कागद मोबाइलने स्कॅन करून पीडीएफ बनवणं, फोटो आणि सहीची साइज केबीमध्ये कमी करणं, फाइल कुठे सेव्ह झाली ते सापडणं, तिला नीट नाव देणं, हे चारपाच वेळा घरी करून बघा म्हणजे फॉर्म भरताना घाम फुटणार नाही. ज्यांच्या घरी आई किंवा काकू कोर्स करतायत त्यांनी त्यांच्या हातातून माउस घेऊन स्वतः करून देऊ नका प्लीज, शेजारी बसा आणि त्यांनाच करू द्या, वेळ लागला तरी लागू द्या.

असाइनमेंट दर आठवड्याला असते आणि डेडलाइन ठरलेल्या दिवशी रात्री ११:५९, पण तेवढ्या रात्रीपर्यंत थांबूच नका, आधी एकदा सबमिट करून टाका, मुदत संपेपर्यंत उत्तरं बदलता येतात आणि शेवटचं सबमिशन धरतात. १२ आठवड्यांच्या कोर्सला त्यातल्या सगळ्यात चांगल्या ८ असाइनमेंट धरून २५ टक्के आणि परीक्षेचे ७५ टक्के, आणि सर्टिफिकेटसाठी दोन्हीकडे वेगवेगळे ४० टक्के लागतात म्हणजे २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०. म्हणून दर आठवड्याच्या डेडलाइनच्या तारखा मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये आजच टाका, अलार्मसकट.

आणि एक, कोर्सला नाव घालणं फुकट आहे पण त्याने परीक्षेचं रजिस्ट्रेशन होत नाही, तो फॉर्म वेगळा असतो आणि त्याची फी ऑनलाइन भरावी लागते, तर स्वतःचं किंवा घरातल्या कोणाचं यूपीआय चालू आहे ना बघून ठेवा, आणि फी भरल्याची पावती डाउनलोड करून त्याच मेलवर स्वतःलाच पाठवून ठेवा.