घर बदलताना मागे राहिलेले डॉलर

अमेरिकेतल्या पहिल्या पाच-सहा वर्षांत तुमचे पत्ते भराभर बदलतील. प्रोजेक्ट संपला की गाव बदलतं, कधी राज्यही बदलतं, आणि दर वेळी थोडे पैसे मागे राहतात. क्रेडिट हिस्टरी, म्हणजे उधारी वेळेवर फेडल्याची नोंद, नसलेल्या नव्या माणसाकडून वीज कंपनी डिपॉझिट घेते. घर सोडल्यावर ती चेक पाठवते, पण तो जातो जुन्या पत्त्यावर. पोस्टात पत्ताबदल नोंदवला तरी पत्रं साधारण 12 महिनेच पुढे येतात. माझे 180 डॉलर असेच इलिनॉयमध्ये राहिले होते. न्यू जर्सीत येऊन सहा वर्षं झाल्यावर एका मित्राने शोधायला लावलं, तेव्हा कुठे सापडले.

असे पैसे कंपनीला ठेवून घेता येत नाहीत. ठरावीक काळ मालक सापडला नाही, तर ते राज्य सरकारकडे जमा करावे लागतात. हा काळ बहुतेक ठिकाणी 3 ते 5 वर्षांचा असतो. न वटलेल्या पगाराच्या चेकला बऱ्याच राज्यांत वर्षभराचाच. यालाच इथे 'अनक्लेम्ड प्रॉपर्टी' म्हणतात. बँकेतलं विसरलेलं खातं, विम्याचा परतावा, शेअर, लॉकरमधल्या वस्तू, सगळं यात येतं. बहुतेक राज्यांत दाव्याला मुदत नसते, त्यामुळे उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका.

शोधायचं कुठे? 1965 साली टेक्सास विरुद्ध न्यू जर्सी या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवून दिलं, की कंपनीच्या दप्तरी तुमचा शेवटचा पत्ता ज्या राज्यातला, त्या राज्याकडे पैसे जातील. पत्ताच नसेल, तर कंपनीची नोंदणी जिथे झाली त्या राज्याकडे. म्हणून राहिलात त्या प्रत्येक राज्यात शोधा आणि डेलावेअरही बघा, कारण पुष्कळ कंपन्या तिथे नोंदलेल्या असतात. 'मिसिंगमनी डॉट कॉम'वर बरीच राज्यं एकत्र दिसतात, तरी त्या-त्या राज्याच्या सरकारी साइटवरही जा. कॅलिफोर्नियात हे काम कंट्रोलरकडे आहे, इलिनॉयमध्ये ट्रेझररकडे. शोधायला किंवा दावा करायला एक पैसाही लागत नाही. "तुमचे पैसे मिळवून देतो, टक्केवारी द्या" असं पत्र आलं तर सही करू नका, आधी स्वतः शोधा.

आपली खरी अडचण नावाची. आपल्यापैकी अनेकांच्या पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात असतं. मग एखादी कंपनी दोन्ही जोडून एकच शब्द करते, दुसरी वडिलांचं नाव आडनाव म्हणून घालते. लग्नानंतर बायकांची नावं बदलतात, तो आणखी एक घोळ. माझी नोंद वडिलांच्या नावाखाली होती. आडनावाने शोधत राहिलो असतो तर जन्मात सापडली नसती. म्हणून सगळे उलटसुलट प्रकार टाकून बघा: आडनाव आधी, मधलं नाव गाळून, 'व्ही'च्या जागी 'डब्ल्यू', 'एस'पुढचा 'एच' काढून.

नोंद सापडली की ओळखपत्र, सोशल सिक्युरिटी नंबर आणि जुन्या पत्त्याचा पुरावा मागतात. घोडं अडतं ते या पुराव्यापाशी. लीज, विजेचं एखादं बिल, त्या पत्त्यावरची पे-स्टब (पगाराची पावती) किंवा डब्ल्यू-टू (वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा फॉर्म), यातलं काहीतरी लागतं आणि नेमकं तेच आपण घर सोडताना फेकून देतो. प्रत्येक घराचा एक फोल्डर करून हे कागद स्कॅन करून ठेवा. घर सोडण्याआधी वीज, गॅस, इंटरनेट आणि जुन्या कंपनीच्या एचआरला नवा पत्ता लेखी कळवा.

भारतात कायमचं परतणार असाल, तर हा शोध इथलं बँक खातं बंद करण्याआधी घ्या. पैसे बहुधा डॉलरच्या चेकने येतात, आणि तो चेक भारतात वटवणं फार जिकिरीचं होतं.