अपघातानंतर लहान मुलाने धसका घेतला तर

मोटरसायकलवरून पडलेल्या दोन वर्षांच्या मुलाला नुसतं खरचटलेलं असतं. घरचे म्हणतात, ‘लहान आहे, विसरेल.’ पण त्याला सांगता येत नाही एवढंच. हॉर्न वाजला की ते दचकतं, हेल्मेट पाहून कडेवर चढतं, रात्री किंचाळत उठतं. शी-शू सांगणारं मूल पुन्हा चड्डीत करू लागतं, बोलणारं गप्प होतं.

आधी शरीर तपासून घ्या. डोक्याला मार लागून वारंवार उलटी, गुंगी, झटका किंवा न थांबणारं रडणं असेल, तर धसका समजून थांबू नका. लगेच दवाखाना गाठा.

मग घरचा क्रम सांभाळा. जेवण, अंघोळ, झोप ठरल्या वेळी, शक्यतो त्याच माणसाच्या हातून. रात्री कुशीत घ्या, लाड होतील ही भीती नको. त्याची नजर चुकवून घराबाहेर पडू नका, त्याने चिकटणं वाढतं. ‘दुकानात जाते, लगेच येते’ म्हणा आणि खरंच लगेच या. ‘रडलास तर पोलीस नेईल’ हे घरात कुणीच म्हणायचं नाही.

घडलेलं सोप्या शब्दांत सांगा: ‘गाडी पडली. मोठा आवाज झाला, तू घाबरलास. बाबांनी उचललं. आता आपण घरी आहोत.’ दर वेळी हेच शब्द. पाहुण्यांसमोर मात्र त्याला ‘काय झालं सांग’ म्हणू नका.

मूल खेळण्यातली गाडी पुन्हापुन्हा आपटेल. अडवू नका, शेजारी बसा. ‘बाहुलीला लागलं. आता कोण येईल?’ खेळात आजी आली, पट्टी बांधली गेली, तर मन सावरतंय. चेहरा ताठ, खेळ रोज तस्साच आणि खेळून झाल्यावरही चैन नाही, तर मदत लागेल.

मोटरसायकलची भीती घालवताना घाई नडते. आधी बंद गाडीला हात लावणं, मग तिच्यावर बसणं, मग लांबून इंजिनाचा आवाज. प्रत्येक पायरीवर काही दिवस थांबा. रडलं तर एक पायरी मागे या.

महिना उलटूनही हे चालू राहिलं, किंवा त्याआधीच खाणं-झोप तुटली, तर बालरोगतज्ज्ञांकडून बालमानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी घ्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. या वयात पहिला उपाय औषध नसतो. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांवर बहुतेकदा आई-बाबांना सोबत घेऊन, खेळातून उपचार करतात. गाडीवर तुम्हीही असाल आणि ब्रेकच्या आवाजाने तुमचंही काळीज धडधडत असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगा. मूल तुमच्या चेहऱ्याकडे पाहूनच घाबरायचं की नाही ते ठरवतं.