लघवीच्या संसर्गासाठी क्रॅनबेरी: पाकीट कसं वाचावं, गोळी कशी घ्यावी

सोलापुरात मार्च तापायला लागला की घरोघरी कुणाला ना कुणाला उन्हाळी लागते आणि मेडिकलमधून क्रॅनबेरीची स्ट्रिप घरी येते. पण झालेला संसर्ग क्रॅनबेरीने बरा होत नाही. तिच्यातले पीएसी नावाचे घटक ई. कोलाय जंतूंना मूत्राशयाच्या अस्तराला चिकटू देत नाहीत, एवढंच तिचं काम. जंतू एकदा वाढले की अँटिबायोटिक लागतं, आणि तेही डॉक्टरांनी ठरवलेलं.

म्हणून जळजळ सुरू असेल तर आधी लघवीचं कल्चर, म्हणजे कोणते जंतू वाढताहेत ते दाखवणारी तपासणी, करा. अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी, सुरुवातीची धार सोडून मधल्या धारेचा नमुना निर्जंतुक डबीत घ्या आणि दोन तासांत लॅबमध्ये पोचवा. मे महिन्यात ही डबी स्कूटीच्या डिकीत ठेवून बाजारहाट करू नका; त्या उष्णतेत जंतू भराभर वाढतात आणि रिपोर्ट फसवा येतो. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या किंवा लघवीत रक्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. गरोदर बाई, पुरुष आणि लहान मूल यांच्या बाबतीत तर साध्या जळजळीलाही थांबू नका.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा संसर्ग झालेल्या बायकांनी क्रॅनबेरीचा विचार जरूर करावा. कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासते; तिच्या 2023 च्या आढाव्यात 50 अभ्यास तपासले गेले. त्यात अशा बायकांना आणि लहान मुलांना फायदा दिसला. गरोदर बायका, वृद्धाश्रमातले ज्येष्ठ आणि ज्यांचं मूत्राशय नीट रिकामं होत नाही त्यांना तो दिसला नाही.

आता पाकीट. बहुतेकांचे पैसे वाया जातात ते इथेच. समोर ठळक अक्षरात ‘क्रॅनबेरी अर्क 500 मिग्रॅ’ लिहिलेलं असतं, त्याला भुलू नका. अर्काचं वजन आणि पीएसीचं वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अभ्यासांमध्ये सर्रास वापरलेली मात्रा दिवसाला 36 मिग्रॅ पीएसी आहे. 500 मिग्रॅ अर्कात पीएसी 7.2 टक्के असेल तर बरोबर 36 मिग्रॅ मिळतात. 300 मिग्रॅ अर्क 3 टक्क्यांचा असेल तर हाती फक्त 9 मिग्रॅ येतात, म्हणजे चार गोळ्या घ्याव्या लागतील. टक्केवारी छापलेलीच नसेल तर ते पाकीट परत द्या. ‘इतक्या हजार मिग्रॅ ताज्या फळाइतकं’ या वाक्यावरून पीएसी किती ते कळत नाही. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा 14 अंकी क्रमांकही बघा, पण तो परवान्याचा आहे. गोळी गुणकारी असल्याची हमी नाही.

पाण्यात विरघळवायच्या पावडरीत बहुधा डी-मॅनोज (एक प्रकारची साखर) आणि पोटॅशियम सायट्रेट मिसळलेलं असतं. 598 बायकांवरच्या, 2024 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डी-मॅनोजचा उपयोग दिसला नाही. पोटॅशियम मात्र किडनी कमजोर असलेल्यांना किंवा रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, रामिप्रिलसारखी गोळी चालू असलेल्यांना धोक्याचं ठरू शकतं. त्यांनी पावडर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नये. रक्त पातळ करायला वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमारॉल चालू असेल तर क्रॅनबेरी मनाने सुरू करू नका. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) वाढून रक्तस्राव होण्याची भीती असते. मुतखडा होऊन गेलेल्यांनीही आधी विचारावं, कारण अर्कात खडे बनवणारं ऑक्झलेट असतं. मधुमेहींनी क्रॅनबेरीचं गोड सरबत आणि सुकवलेली गोड फळं टाळावीत. करवंद हे वेगळं फळ आहे, त्याने हे काम होत नाही.

गोळी रोज ठरल्या वेळी, भरपूर पाण्याबरोबर घ्या.

पाण्याकडे मात्र दुर्लक्ष नको. दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पाणी पिणाऱ्या 140 बायकांवरच्या चाचणीत, रोज आणखी दीड लिटर पाणी पिणाऱ्या गटात वर्षभरातले संसर्ग जवळपास निम्मे झाले. यंत्रमागावर उभ्या राहणाऱ्या आणि विड्या वळायला तासन्‌तास बसणाऱ्या बायका संडासाची सोय नाही म्हणून पाणीच पीत नाहीत, लघवी दाबून धरतात. तिथे बाटली जवळ हवी आणि दर तीन-चार तासांनी उठायची मुभा हवी. किडनीचा किंवा हृदयाचा आजार असेल तर पाण्याचं प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

सहा महिने नियमाने घेऊनही संसर्ग पूर्वीइतकेच होत असतील तर गोळी बंद करा आणि यूरॉलॉजिस्टकडून सोनोग्राफी, साखर आणि लघवीनंतर मूत्राशयात किती उरते ते तपासून घ्या.