तालमीच्या चौकात मूक पौराणिकपट दाखवायचा तर

कोल्हापुरात 'सैरंध्री' दाखवायची इच्छा सगळ्यांनाच होते. बाबूराव पेंटरांचा १९२० चा पट, कीचकवधाचा! पण त्याची प्रत आज मिळत नाही, म्हणून पहिल्या खेळाला फाळक्यांचा 'कालिया मर्दन' (१९१९) बरा. कथा पोरांनाही पाठ असते.

आधी वेग तपासा. मूकपट साधारण सेकंदाला १६ ते १८ चौकटींनी (फ्रेम्सनी) चालत. तीच चित्रफीत २४ ने चालवली की बाळकृष्ण तुरुतुरु पळतो आणि गंभीर प्रसंगालाही लोक हसतात. प्लेअरमध्ये वेग ०.७५ करा, १८ चौकटींचा हिशेब तिथे नेमका बसतो. १६ ची असेल तर ०.६७. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'ला मात्र हात लावू नका, तो बोलपट आहे.

पेटी-तबला पुरेसा. वादकांना पट आधी दोनदा दाखवा, नाहीतर नाग वर येतो तेव्हा सम निसटलेली असते. पडद्यावर मधेमधे येणाऱ्या मजकुराच्या पाट्या मोठ्याने वाचायला एक खणखणीत आवाजाचा माणूस ठेवा. त्याने पाटीपुरतंच बोलावं, कीर्तन लावू नये. पडद्यावर हायमास्टचा उजेड पडला तर जुनं करडं चित्र पार धुऊन जातं, म्हणून पडद्याची पाठ दिव्याकडे नि मागून काळं कापड.