जास्त ताकदीच्या इंजिनासाठी जुळणारे पार्ट कसे निवडावेत

आधी इंजिन किती आरपीएमपर्यंत (मिनिटाला किती फेरे) फिरवायचं आणि टर्बो (सिलिंडरमध्ये जास्त हवा दाबून भरणारा पंप) लावायचा की नाही, हे ठरवा. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, थोडक्यात कॅम), हेड (सिलिंडरवरचा व्हॉल्व्ह असलेला भाग), कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते), एक्झॉस्ट हे सगळं त्यावरून निवडायचं. सर्वांत जास्त चूक कॅममध्ये होते. लांब ड्युरेशनच्या (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणाऱ्या) कॅमने इनटेक (हवा आत घेणारा) व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, कमी आरपीएमला सिलिंडरमधला दाब घटतो. कॉम्प्रेशन जुनंच ठेवलं तर गाडी खालच्या आरपीएमला मरगळते.

लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडतो ते अंतर, वाढली की व्हॉल्व्हची स्प्रिंगही बदला. पूर्ण लिफ्टला स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकता कामा नयेत, साधारण १.५ मिमी जागा उरली पाहिजे. मग व्हॉल्व्ह पिस्टनला धडकत नाही ना, हे तपासायला पिस्टनच्या माथ्यावर मॉडेलिंग क्ले लावून, जुनं दाबलेलं गॅस्केट घालून हेड बसवा आणि क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. हेड काढून, क्ले कापून जाडी मोजा: इनटेक व्हॉल्व्हला किमान २ मिमी, एक्झॉस्टला २.५ मिमी. हायड्रॉलिक लिफ्टर (कॅमची हालचाल व्हॉल्व्हकडे नेणारे, तेलाच्या दाबावर चालणारे भाग) तेलाशिवाय दबतात आणि फसवं माप देतात, म्हणून तपासणीपुरते सॉलिड लिफ्टर घाला. ही पायरी कधीही गाळू नका.

पिस्टनची वजनं १ ग्रॅमच्या फरकात जुळवा. कनेक्टिंग रॉडची (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याची) मात्र दोन्ही टोकं वेगवेगळी तोला, कारण एकूण वजन सारखं असूनही मोठं टोक जड असू शकतं.

रिंग गॅप, म्हणजे पिस्टन रिंगच्या दोन टोकांमधली फट, सिलिंडरमध्येच मोजा. बिनटर्बो इंजिनाला बोअरच्या (सिलिंडरच्या व्यासाच्या) ०.००४ पट, म्हणजे ८६ मिमीला सुमारे ०.३४ मिमी, टर्बोला जास्त. गॅप कमी पडला तर तापल्यावर टोकं भिडतात, पिस्टनचा काठ तुटतो. रिंग उत्पादकाने आकडा दिला असेल, तर तोच धरा.