ड्युअल बूट बिघडलं? फॉरमॅट करण्याआधी या चुका टाळा

विंडोज आणि लिनक्स एकाच मशीनवर असताना बूट बिघडलं, तरी डेटा बहुतेक वेळा जागेवरच असतो. गडबड असते ती बूटलोडरची, म्हणजे मशीन चालू होताना विंडोज किंवा लिनक्स सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामची. पण धीर नसलेले लोक लगेच फॉरमॅटवर येतात आणि खरं नुकसान तिथे होतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे लिनक्स नको झालं म्हणून डिस्क मॅनेजमेंटमधून त्याचं पार्टिशन थेट उडवणं. ग्रबच्या (लिनक्सच्या बूटलोडरच्या) बऱ्याचशा फायली त्यासोबत जातात, पण यूईएफआयमधली (मदरबोर्डवरच्या, मशीन सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरमधली) ग्रबची नोंद तशीच राहते. रीस्टार्ट केलं की काळ्या स्क्रीनवर नुसता ग्रबचा प्रॉम्प्ट.

ओळखीतल्या एका विद्यार्थ्याने हा प्रॉम्प्ट पाहिला आणि हार्ड डिस्क गेली असंच धरलं. विंडोजचा पेनड्राइव्ह लावला, तो लेगसी (जुन्या बायॉसच्या) मोडमध्ये सुरू झाला. इन्स्टॉलर म्हणाला, डिस्क जीपीटी (पार्टिशनची नवी मांडणी) आहे, इथे विंडोज बसणार नाही. पेनड्राइव्ह यूईएफआय मोडमध्ये सुरू करा, एवढाच त्याचा अर्थ. याने कुठलासा व्हिडिओ पाहून डिस्कपार्ट या विंडोजच्या टूलमध्ये 'क्लीन' कमांड दिली, म्हणजे डिस्कवरची सगळी पार्टिशनं उडवली, आणि वर विंडोज टाकलं. लॅपटॉप माझ्याकडे आला तेव्हा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट गेलेला होता. रिकव्हरीत हाती लागल्या त्या नावं हरवलेल्या, अर्धवट फायली. सुरुवातीलाच बूट मेनू (मशीन कशावरून सुरू करायचं ते निवडायची यादी) उघडून 'विंडोज बूट मॅनेजर' निवडलं असतं, तर विंडोज जसंच्या तसं सुरू झालं असतं. म्हणून कुणाचंही मशीन हातात आलं की मी आधी बूट मेनू बघतो आणि एररचा फोटो काढून ठेवतो. लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणाऱ्या पेनड्राइव्हवरून) डेटा बाहेर काढल्याशिवाय पार्टिशनला हात लावत नाही.

अपडेटनंतर ग्रबच्या यादीतून विंडोज गायब झालं, तर ते पुसलं गेलं असं समजू नका. ग्रब 2.06 पासून ओएस-प्रोबर (मशीनवरच्या इतर सिस्टिम शोधणारा प्रोग्राम) मुळातच बंद असतो. ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये तो चालू करून यादी पुन्हा तयार करा.

विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद ठेवा. ते चालू असेल तर शटडाउन पूर्ण होत नाही आणि लिनक्सला विंडोजच्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही. तो ड्राइव्ह लिनक्समध्ये जबरदस्तीने माउंट करायचा (जोडायचा) सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका, फायली खराब होतात.

सिक्युअर बूटला (फक्त खात्रीचा बूटलोडर चालू देणाऱ्या यूईएफआयच्या सेटिंगला) हात लावण्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची) 48 अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. ती फक्त त्याच लॅपटॉपवर सेव्ह करून उपयोग नाही.

बूट-रिपेअर या बूट आपोआप दुरुस्त करणाऱ्या टूलचं बटण मला पहिला उपाय म्हणून पटत नाही. ते काय बदलतं हे नवख्याला कळत नाही, आणि पुढच्या वेळी तो पुन्हा तिथेच अडकतो. वापरायचंच असेल तर लाइव्ह पेनड्राइव्ह यूईएफआय मोडमध्ये सुरू झालाय ना ते आधी तपासा, आणि शेवटी मिळणारा रिपोर्ट जपून ठेवा. मदत मागायला जाल तेव्हा समोरचा पहिल्यांदा तोच मागेल.